दोन गणवेशांमधला लेखक : हेक्टर ह्यू मन्रो ऊर्फ ‘साकी’

ब्रिटिश अमलातील ब्रह्मदेशाच्या पोलिस खात्यात तरुणपणी नोकरी केलेल्या आणि पुढे इंग्रजी साहित्यात कीर्ती मिळविलेल्या दोन लेखकांपैकी जॉर्ज ऑर्वेल हा भारतीय वाचकांना अधिक परिचित आहे. १९०३ साली मोतीहारी येथे जन्मलेल्या ऑर्वेलने १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे त्या खात्यात काढली आणि त्या अनुभवातून साम्राज्यसत्तेची परखड चिकित्सा केली. त्याच्या आधी सुमारे तीस वर्षे तोच गणवेश चढविणारा दुसरा तरुण म्हणजे हेक्टर ह्यू मन्रो, म्हणजेच लघुकथाकार ‘साकी’. मन्रोची पोलिसातील नोकरी जेमतेम सव्वा वर्ष टिकली. तिच्यावर त्याने ऑर्वेलसारखा ग्रंथ लिहिला नाही, आणि म्हणूनच त्याच्या चरित्रात तिचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. परंतु त्याचे आयुष्य सलग पाहिले, तर त्याच्या एका टोकाला पोलिसाचा गणवेश आणि दुसऱ्या टोकाला सैनिकाचा गणवेश दिसतो. पहिला त्याला घराण्याच्या रिवाजाने मिळाला. दुसरा त्याने वयाची चाळिशी उलटल्यावर स्वतः मागून घेतला. पहिल्याने त्याला हिवताप दिला आणि दुसऱ्याने मरण. ह्या दोहोंमधील वीस वर्षांत त्याने जे लिहिले, त्याचा मुख्य विषय सत्ता हाच होता : पालकाची पाल्यावरील, माणसाची जनावरावरील आणि अखेर जेत्याची जितावरील सत्ता. ती कोठे त्याला दिसली आणि कोठे दिसली नाही, हे समजण्यासाठी त्याच्या चरित्राकडे वळणे आवश्यक ठरते.

मन्रोचा जन्म १८ डिसेंबर १८७० रोजी आराकानच्या किनाऱ्यावरील अक्याब येथे झाला. आज सित्वे ह्या नावाने ओळखले जाणारे हे बंदर पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, १८२६ च्या यांदाबोच्या तहान्वये इंग्रजांकडे आले होते. त्याचे वडील चार्ल्स ऑगस्टस मन्रो हे ब्रह्मदेशाच्या पोलिस खात्यात महानिरीक्षकाच्या पदापर्यंत पोहोचले. आई मेरी फ्रान्सिस ही मर्सर नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याची कन्या. चार्ल्स आणि एथेल ही दोन भावंडे हेक्टरहून मोठी होती. १८७२ साली आई इंग्लंडमध्ये आली असता एका उधळलेल्या गाईने तिच्यावर चाल केली. त्या धक्क्याने तिचा गर्भपात होऊन त्यातच तिचा अंत झाला. वन्य श्वापदांच्या मुलखातून सुखरूप परतलेली स्त्री स्वदेशीच्या शांत रस्त्यावर एका पाळीव जनावरामुळे दगावली. पुढे मन्रोच्या कथांतील सुस्थिर घरांत जनावरे अकस्मात शिरतात आणि क्षणार्धात सारी व्यवस्था विस्कटून टाकतात. त्या कथांचा उगम ह्या एकाच घटनेत शोधणे धाडसाचे होईल. पण तिचे स्मरण त्या वाचताना टाळताही येत नाही.

वडील नोकरीवर परतले आणि तिन्ही मुले डेव्हन परगण्यातील बार्नस्टेपलजवळच्या पिल्टन गावी आजीच्या घरी राहिली. घराचा कारभार शार्लट आणि ऑगस्टा ह्या दोन अविवाहित आत्यांच्या हाती होता. दोघींचे आपसात पटत नसे. एकीने दिलेली परवानगी दुसरीने नाकारावी असा नित्याचा प्रकार. मुलांवर शिस्तीचा बडगा होता, बाहेर खेळण्यावर निर्बंध होते, आणि हेक्टर प्रकृतीने नाजूक म्हणून त्याच्यावरचा पहारा अधिकच कडक. एथेलने पुढे लिहिलेल्या आठवणींतून ह्या घराचे तपशीलवार चित्र मिळते. हजारो मैलांवर पोलिस खात्याचा प्रमुख असलेल्या पित्याची मुले मायदेशी अशा पहाऱ्याखाली वाढत होती. साम्राज्याच्या नोकरीतील कित्येक इंग्रज कुटुंबांची स्थिती ह्याहून फारशी वेगळी नव्हती. मुलांना विलायतेत नातेवाइकांच्या किंवा परक्यांच्या स्वाधीन करून आईबाप पूर्वेकडे राहत. रड्यर्ड किपलिंगचे बालपणही अशाच एका परक्या घरात करपले होते. साम्राज्याची जी किंमत राज्यकर्त्यांच्या मुलांनी चुकविली, तिच्यातून इंग्रजी बालकथेचा एक कडवट प्रवाह निघाला, असे ह्या दोन उदाहरणांवरून म्हणता येते.

एक्समथ येथील शाळेत आणि नंतर बेडफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये हेक्टरचे शिक्षण झाले. वडील निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी हेक्टर आणि एथेल यांना बरोबर घेऊन युरोपात बराच प्रवास केला. विद्यापीठाचे शिक्षण मात्र त्याला मिळाले नाही. थोरला भाऊ चार्ल्स आधीच ब्रह्मदेशाच्या पोलिसात दाखल झाला होता. धाकट्यानेही तीच वाट धरावी हे जणू ठरलेलेच होते. १८९३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हेक्टर मन्रो आपल्या जन्मभूमीत पोलिस म्हणून परतला.

हा ब्रह्मदेश त्याच्या जन्माच्या वेळचा राहिला नव्हता. १८८५ च्या अखेरीस तिसऱ्या युद्धात मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात विलीन करण्यात आला. राजा थिबा आणि त्याची राणी यांना प्रथम मद्रासेस आणि तेथून रत्नागिरीस हद्दपार करण्यात आले. राजधानी घेणे सोपे गेले. देश ताब्यात आणण्यास मात्र अनेक वर्षे लागली. खेड्यापाड्यांतून प्रतिकार चालू राहिला. सरकारी दप्तरात त्याची नोंद दरोडेखोरी ह्या सदराखाली झाली आणि त्याचा बंदोबस्त लष्कराबरोबर पोलिसांवरही पडला. त्यासाठी हिंदुस्थानातून, विशेषतः पंजाबातून, शिपाई भरती करून नेण्यात आले. तेव्हा ह्या प्रांतातील पोलिस अधिकाऱ्याचा गणवेश हा चोर पकडणाऱ्याचा जेवढा होता, तेवढाच जेत्याचाही होता. ज्या राजाच्या मुलखात बावीस वर्षांचा मन्रो कायदा राखावयास गेला, तो राजा त्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर सरकारी तैनातीवर दिवस कंठीत होता. पुढे १९०८ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात धाडून ह्याच राज्यव्यवस्थेने हे वर्तुळ पुरे केले.

ह्या काळात मन्रोने एथेलला लिहिलेली पत्रे त्याच्या पुढील लेखनाची चाहूल देतात. त्यांत राजकारण नाही, बंडाळीही फारशी नाही; आहेत ती जनावरे. घोडे, पक्षी, आणि वाघाच्या कुळातील एक पिल्लू, जे त्याने काही काळ पाळले होते. सत्तेच्या हातात दंडुका असलेला हा तरुण आपले लक्ष वश न होणाऱ्या प्राण्याकडे लावून बसला होता. परंतु ब्रह्मदेशाची हवा त्याला मानवली नाही. हिवतापाचे झटके एकामागून एक येऊ लागले आणि सुमारे पंधरा महिन्यांत, नोकरी सोडून, त्याला इंग्लंडला परतावे लागले. घराण्याने दिलेला गणवेश अशा रीतीने उतरला. हिवताप मात्र त्याच्या अंगात राहिला.

१८९६ च्या सुमारास मन्रो लेखनावर निर्वाह करण्याच्या इराद्याने लंडनला आला. त्याचा पहिला ग्रंथ रशियन साम्राज्याच्या उदयाचा इतिहास होय. तो १९०० साली प्रसिद्ध झाला. गिबनच्या धर्तीवर लिहिलेल्या ह्या ग्रंथाला फारसे यश लाभले नाही. तथापि एका साम्राज्याची नोकरी सोडून आलेल्या लेखकाने पहिला विषय म्हणून दुसरे साम्राज्य निवडावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ ह्या उदारमतवादी वृत्तपत्रात व्यंगचित्रकार फ्रान्सिस कॅरदर्स गूल्ड याच्या चित्रांसह त्याची राजकीय विडंबने येऊ लागली. लुइस कॅरलच्या ॲलिसला वेस्टमिन्स्टरच्या राजकारणात फिरविणारी ही विडंबने १९०२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. बोअर युद्धाच्या काळातील मंत्र्यांची त्यांत चांगलीच रेवडी उडविली आहे.

ह्या विडंबनांच्या निमित्ताने त्याने ‘साकी’ हे टोपणनाव घेतले. एडवर्ड फिट्झजेराल्डने इंग्रजीत आणलेल्या उमर खय्यामच्या रुबायांतील मद्य देणारा साकी हाच त्याचा उगम असावा, असे बहुतेकांचे मत आहे; दक्षिण अमेरिकेतील त्याच नावाच्या एका माकडाकडेही काहींनी बोट दाखविले आहे. भारतीय वाचकाला पहिला अर्थ स्वाभाविकच जवळचा वाटतो. फारसी आणि उर्दू काव्यातून हा साकी भारतीय भाषांत फार पूर्वी रुळला. मराठीत माधव जूलियन यांनी रुबाया थेट फारसीतून आणल्या. हिंदीत हरिवंशराय बच्चन यांनी त्याच परंपरेतून आपली मधुशाला उभारली. तेथे साकी हा प्रेमाचा, क्षणभंगुर सुखाचा आणि कधी ईश्वरी कृपेचा दूत आहे. मन्रोने मात्र ते नाव घेऊन वाचकाच्या पेल्यात जे ओतले, ते सौम्य नव्हते.

१९०२ पासून काही वर्षे तो ‘मॉर्निंग पोस्ट’ ह्या पुराणमतवादी वृत्तपत्राचा परदेशी बातमीदार होता. बाल्कन प्रदेश, वॉर्सा, सेंट पीटर्सबर्ग आणि पॅरिस येथून त्याने वृत्ते पाठविली. जानेवारी १९०५ मध्ये झारच्या सैनिकांनी निःशस्त्र मिरवणुकीवर गोळीबार केला, तेव्हा तो सेंट पीटर्सबर्ग येथे होता. सत्ता डळमळली म्हणजे रस्त्यावर काय घडते, हे त्याने अशा रीतीने प्रत्यक्ष पाहिले. १९०८ मध्ये लंडनला परतल्यावर त्याच्या कथालेखनाला बहर आला. ‘रेजिनाल्ड’ हा संग्रह १९०४ मध्येच निघाला होता. त्यामागून ‘रेजिनाल्ड इन रशिया’ (१९१०), ‘द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस’ (१९११) आणि ‘बीस्ट्स अँड सुपर-बीस्ट्स’ (१९१४) हे संग्रह आले. ह्यांतील बहुतेक कथा वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या, दोनचार पृष्ठांच्या आहेत. विनोद, क्रौर्य आणि नेमकेपणा ह्यांचा असा मेळ इंग्रजी लघुकथेत त्यापूर्वी क्वचितच साधला होता.

ह्या कथांतील घर नेहमी कोणाच्या तरी ताब्यात असते. ‘श्रेड्नी वश्तार’ ह्या कथेतील दहा वर्षांचा आजारी मुलगा कॉनरॅडिन हा एका नातेवाईक पालिकेच्या अमलाखाली राहतो. मुलाच्या हितासाठी म्हणून ती त्याच्या एकेका आनंदाची वाट बंद करीत जाते. परसातील खोपटात त्याने मुंगसासारखा दिसणारा एक फेरेट लपवून ठेवला आहे. त्याला तो देव मानतो, त्याची पूजा बांधतो आणि त्याच्याकडे एकच मागणे मागतो. ते मागणे पुरे होते. बाहेर पालिकेचा मृत्यू झाल्याचा गलबला चालू असता मुलगा स्वस्थपणे आपल्यासाठी पाव भाजून घेत बसतो. ‘द लंबर-रूम’मधील निकोलस अडगळीच्या बंद खोलीत रंग आणि चित्रे यांचे जग शोधतो आणि पाण्याच्या टाकीत पडलेल्या आत्येला, तिच्याच शिकवणुकीचा आधार घेऊन, बाहेर काढण्याचे नाकारतो. ‘टोबरमरी’मध्ये माणसाची भाषा शिकलेले मांजर एका प्रतिष्ठित बैठकीतील साऱ्यांची बिंगे फोडते. तिन्ही ठिकाणी रचना एकच आहे. ज्यांना बोलण्याचा अधिकार नाही, त्यांच्यावर हिताच्या नावाखाली सत्ता चालते; आणि ती उलटविण्यासाठी त्यांना फक्त एक संधी पुरते. पिल्टनच्या घराचे हे कर्ज मन्रोने व्याजासकट फेडले.

हिंदुस्थानही ह्या कथांत अधूनमधून डोकावतो. भारतातील इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांनी अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचविलेल्या ‘द ओपन विंडो’मध्ये पंधरा वर्षांची व्हेरा आपल्या दुसऱ्या थापेसाठी गंगाकाठची एक स्मशानभूमी आणि बेवारशी कुत्र्यांची टोळी रचते. पूर्वेकडून आलेली कोणतीही भीतिकथा विलायतेत खरी मानली जाते, हे त्या मुलीला पक्के ठाऊक आहे. ‘मिसेस पॅकलटाइड्स टायगर’ ही तर साहेबी शिकारीची उघड चेष्टा आहे. एका प्रतिस्पर्धी स्त्रीवर मात करण्यासाठी मिसेस पॅकलटाइडला वाघ मारावयाचा आहे. हजार रुपयांच्या आशेने गावकरी एका म्हाताऱ्या वाघाला त्याच परिसरात जपून ठेवतात. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून बाया आपले गाणे दबवीत शेतावरून परततात. गोळी लागते ती आमिषाच्या बोकडाला. वाघ आवाजाच्या धक्क्याने मरतो. खरा प्रकार ओळखणाऱ्या पगारी सोबतिणीला गप्प ठेवण्याची किंमत पुढे एका टुमदार घराच्या रूपाने द्यावी लागते. पोलिसात राहून मन्रोने साहेबी जीवन जवळून पाहिले होते. त्यातील पराक्रमाचा देखावा, आणि तो टिकविण्यासाठी सर्वांनी मिळून पाळलेले मौन, ह्या कथेत नेमके सापडले आहे.

ब्रह्मदेशातील तापाची आठवण त्याच्या दोन कादंबऱ्यांत अधिक खोलवर उमटली. ‘द अनबेअरेबल बॅसिंग्टन’ (१९१२) ह्या कादंबरीचा नायक कोमस हा लंडनच्या समाजाला नकोसा झालेला, देखणा आणि उडाणटप्पू तरुण. त्याला पश्चिम आफ्रिकेत नोकरीवर धाडण्यात येते. तेथे एका संध्याकाळी तो गावातील लोकांचे खेळणे, बागडणे पाहत बसतो आणि ह्या जीवनात आपल्याला कोठेही जागा नाही, असे त्याला उमगते. थोड्याच दिवसांत तो तापाने मरतो. मन्रोच्या साऱ्या लेखनातील हे बहुधा सर्वांत निर्व्याज दुःख होय. साम्राज्याच्या चाकरीला साहसाचे वलय देणाऱ्या त्या काळात एका साम्राज्याभिमानी लेखकाने तिचे वर्णन घराने केलेली हकालपट्टी असे करावे, हे त्याच्या राजकीय मतांशी विसंगत दिसते. अनुभवाने तेथे मतांना मागे सारले आहे.

‘व्हेन विल्यम केम’ (१९१३) ह्या दुसऱ्या कादंबरीत मात्र मतेच पुढे आली. जर्मनीने इंग्लंड जिंकले आहे, लंडनवर कैसरचा अंमल आहे, अशी तिची कल्पना. नायक मरी योव्हिल हा सायबेरियात तापाने अंथरुणाला खिळला असता युद्ध सुरू होऊन संपते. लढण्याची संधी हुकलेला हा माणूस पराभूत शहरात परततो. प्रतिष्ठित लोक नव्या राजवटीशी जुळवून घेत आहेत, मेजवान्या आणि नाटके पूर्ववत चालू आहेत. जेत्यांनी इंग्रजांना सैनिकी शिक्षणाच्या बाहेर ठेवून त्यांच्यावर कर बसविला आहे. इंग्लंडच्या राजाने आपला दरबार दिल्लीस हलविला आहे. योव्हिलही हळूहळू सुखासीनतेला शरण जातो. शेवटी कैसरला मानवंदना देण्यासाठी बोलावलेले बालवीर येतच नाहीत, एवढाच प्रतिकार उरतो.

भारतीय वाचकाला ही कादंबरी एका विलक्षण आरशासारखी वाटते. जेत्याशी जुळवून घेणारा उच्च वर्ग, जितांना शस्त्रांपासून दूर ठेवणारा कायदा आणि परमुलखात जाऊन राहिलेला राजा ही कल्पनाचित्रे लंडनकरांना अंगावर काटा आणणारी होती. हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात ती रोजची वस्तुस्थिती होती. हिंदी लोकांची शस्त्रे काढून घेणारा कायदा १८७८ चा. मंडालेचा राजा रत्नागिरीत बसूनच होता. मन्रोने दिल्लीत आपला राजा नेऊन बसविला, पण त्या दिल्लीत आधी कोण राजा होता, हा प्रश्न कादंबरीत कोठेही उद्भवत नाही. पालक आणि पाल्य यांच्यातील सत्तेचा कपटी स्वभाव अचूक ओळखणाऱ्या ह्या लेखकाला तोच स्वभाव राष्ट्रांच्या संबंधात, आणि विशेषतः स्वतः चढविलेल्या गणवेशात, ओळखता आला नाही. त्याच्या लेखनातील इतर दोषही ह्याच जातीचे आहेत. ज्यूंविषयीचा त्याचा आकस आणि मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांची त्याने केलेली टवाळी आज खटकल्याशिवाय राहत नाही. दुर्बळांविषयीची त्याची सहानुभूती मुले आणि जनावरे यांच्या कुंपणाबाहेर फारशी गेली नाही.

परंतु ‘व्हेन विल्यम केम’ने लेखकावर एक जबाबदारी टाकली. इतरांच्या सुखलोलुपतेवर एवढे कठोर पुस्तक लिहिल्यानंतर युद्ध खरोखरच आल्यावर घरी बसणे त्याला शक्य नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये तो ४३ वर्षांचा होता. भरतीची वयोमर्यादा त्याने ओलांडली होती आणि प्रकृतीही तोलामोलाची होती. तरीही तो ‘सेकंड किंग एडवर्ड्स हॉर्स’ ह्या घोडदळाच्या पलटणीत साधा स्वार म्हणून दाखल झाला. घोडदळाचे श्रम झेपेनात तेव्हा त्याने रॉयल फ्युसिलियर्सच्या २२ व्या पायदळी पलटणीत बदली करून घेतली. अधिकारपद देऊ केले असता त्याने ते नाकारले. महानिरीक्षकाचा मुलगा, स्वतः एके काळचा पोलिस अधिकारी आणि नामवंत लेखक असलेला हा माणूस आपल्या निम्म्या वयाच्या तरुणांबरोबर बराकीची झाडलोट आणि स्वयंपाकघराची कामे करू लागला.

ह्या नकाराचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. कोणी त्यात निखळ देशभक्ती पाहतात, तर कोणी एका एकाकी माणसाला अखेर लाभलेली सोबत. मन्रो अविवाहित होता, आणि पुढील चरित्रकारांनी तो समलिंगी असावा असे अनुमान केले आहे. १८९५ च्या ऑस्कर वाइल्ड खटल्यानंतरच्या इंग्लंडमध्ये अशा माणसाला खाजगी आयुष्य लपवूनच जगावे लागे. एवढे मात्र निश्चित की, हुकूम देण्याचा अधिकार त्याला एकदा वारशाने मिळाला होता आणि तो त्याच्याकडून निभला नव्हता; ह्या वेळी त्याने हुकूम पाळण्याची जागा निवडली. अखेरीस तो लान्स सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढला, तो पलटणीतील कामाच्या बळावर.

नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याची पलटण फ्रान्सला पोहोचली. खंदकांतील वर्षभरात त्याने थोडेसेच लिहिले. पण त्या थोड्यात पश्चिम आघाडीवरील पक्ष्यांविषयीचा एक लेख आहे. तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या रानांत आणि शेतांत कोणते पक्षी टिकून राहिले, कोण निघून गेले, घुबडांना उंदरांची कशी चंगळ झाली, ह्याची नोंद तो एखाद्या निसर्गनिरीक्षकाच्या शांतपणे करतो. ब्रह्मदेशातील पत्रांत आणि ह्या लेखात वीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण युद्धाच्या किंवा बंदोबस्ताच्या धामधुमीत जनावराकडे वळणारी नजर तीच आहे.

१९१६ च्या शरदात ब्रह्मदेशातील जुना सोबती परत आला. हिवतापाने त्याला गाठले आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सोमच्या लढाईचे अखेरचे पर्व, आंक्र नदीच्या परिसरातील चढाई, तेव्हा जवळ येऊन ठेपले होते. आपली पलटण त्यात उतरणार असे कळताच, पुरता बरा झालेला नसतानाही, तो आघाडीवर परतला. तापाने युद्ध हुकलेला योव्हिल आणि तापाने मेलेला कोमस ह्या दोघांनाही त्याने निर्माण केले होते. त्या दोहोंचेही प्राक्तन त्याने स्वतःसाठी नाकारले. १३ नोव्हेंबरला चढाई सुरू झाली. १४ नोव्हेंबरच्या पहाटेच्या अंधारात, बोमाँ-हामेल गावाजवळ, त्याच्या तुकडीतील काही जण तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्याच्या आश्रयाने विसावले होते. कोणीतरी सिगारेट पेटविली. तो उजेड शत्रूला दिसेल म्हणून मन्रोने ती विझविण्यास फटकारून सांगितले, आणि त्याच क्षणी लपून बसलेल्या जर्मन नेमबाजाची गोळी त्याला लागली, असे सांगितले जाते. ही हकीकत त्याच्याच एखाद्या कथेच्या शेवटासारखी असल्यामुळे पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे. तिच्यातील उपरोध बाजूला ठेवला, तर उरते ती एक साधी गोष्ट : आयुष्यातील त्याचा शेवटचा हुकूम हाताखालच्या माणसांचा जीव वाचविण्यासाठी होता.

त्याचे थडगे नाही. सोमच्या रणभूमीवर ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही, अशा ७२,००० हून अधिक सैनिकांची नावे थिएपव्हाल येथील स्मारकावर कोरलेली आहेत, आणि त्यांत त्याचेही आहे. १९३२ मध्ये उघडलेल्या ह्या स्मारकाचा वास्तुशिल्पी एडविन लट्येन्स. नव्या दिल्लीत, जेथे मन्रोने आपला निर्वासित राजा कल्पिला होता त्याच नगरीत, इंडिया गेट उभारणाराही तोच. मन्रोच्या मृत्यूनंतर महिन्याभराच्या आसपास, डिसेंबर १९१६ मध्ये, थिबा राजाही रत्नागिरीत मरण पावला. ज्या युद्धाने मन्रोला १८९३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचविले, त्याच युद्धाने थिबाला कोकणात आणून टाकले होते. दोघेही आपापल्या जन्मभूमीपासून दूर संपले. मात्र एकाने ती जागा स्वतः निवडली होती आणि दुसऱ्याला निवडीचा अधिकारच नव्हता. ब्रह्मदेशाच्या इतिहासात मन्रोचे नाव शोधणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये.

मन्रोच्या मागे एथेलने त्याची बरीचशी कागदपत्रे नष्ट केली आणि भावाचे छोटेखानी चरित्र स्वतःच लिहिले. ज्या माणसाने आयुष्यभर पालकांच्या नजरेपासून काहीतरी लपवून ठेवणारी मुले रंगविली, त्याच्या मरणानंतरही खोपटाचे दार असे बंदच राहिले. ‘द टॉइज ऑफ पीस’ हा संग्रह १९१९ मध्ये आणि ‘द स्क्वेअर एग’ १९२४ मध्ये निघाला. पहिल्याच्या शीर्षककथेत एक मामा भाच्यांना शिपाई आणि तोफा यांच्याऐवजी नगरपालिकेची इमारत, विचारवंत आणि कचऱ्याची पेटी अशी शांततेची खेळणी आणून देतो, आणि मुले पाहता पाहता त्यांतूनच रक्तपाताचा खेळ उभा करतात. ही कथा युद्धापूर्वीची आहे. ती लिहिणारा पुढे त्याच खेळात स्वेच्छेने उतरला आणि परतला नाही.

साकीचे साहित्यिक ऋण पुढील पिढीतील पी. जी. वुडहाउससारख्या विनोदकारांवर आणि लघुकथेच्या कलाटणीप्रधान परंपरेवर मान्य केले जाते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावे. वसाहतवादाचा अनुभव लेखनात येतो तो नेहमी विषय म्हणूनच येतो असे नाही. तो पुष्कळदा रूपांतर होऊन, घराच्या, मुलांच्या आणि जनावरांच्या गोष्टीत शिरून बसतो. ऑर्वेलने गणवेश उतरवून त्याची चिकित्सा केली. मन्रोने ती केली नाही. परंतु हिताच्या नावाने चालणाऱ्या सत्तेचे जे चित्र त्याने डेव्हनच्या एका परसात रेखाटले, ते रत्नागिरीतील राजवाड्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला आपलेच वाटले असते. लेखकाला स्वतःला ते तसे दिसले नाही. त्याच्या कथा मात्र त्याच्याहून अधिक पाहून गेल्या.